ओढ सोडणारा पतंग

२००५ साली समुद्रावर पतंग उडवणाऱ्या मंडळींच्या हाती एक नवा पतंग आला. त्याचे नाव ‘क्रॉसबो’. हवाई बेटांवरील नामांकित लाटास्वार पीट कॅब्रिन्हा यांचे नाव लावणाऱ्या आणि हाँगकाँगच्या प्राइड उद्योगसमूहाच्या छत्राखाली चालणाऱ्या कंपनीने तो बाजारात आणला. मूळ कल्पना मात्र फ्रान्समधल्या ब्रुनो लेगेन्यू यांची होती. किनाऱ्याकिनाऱ्यावर या पतंगाविषयी मते पडू लागली. कोणी त्याला डोक्यावर घेतले, कोणी नाके मुरडली. आणि गंमत अशी की दोन्ही पक्षांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. काइटसर्फिंग म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर धावणे. स्वाराच्या पायाखाली एक फळी असते, कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा असतो आणि हातात आडवा दांडा, ज्याला सगळे ‘बार’ म्हणतात. या बारपासून साधारण वीस ते पंचवीस मीटर लांबीच्या, बहुधा चार, दोऱ्या पतंगापर्यंत जातात. संक्रांतीच्या पतंगाशी याचे नाते केवळ नावापुरते. या दोऱ्यांना मांजा नसतो आणि काटाकाटीचा तर प्रश्नच येत नाही. पतंगही कागदाचा नसून घट्ट विणीच्या कृत्रिम कापडाचा असतो, आणि त्याच्या पुढच्या कडेला असलेल्या जाड नळीत पंपाने हवा भरलेली असते. बारा चौरस मीटरचा पतंग हे या खेळातले नेहमीचे माप. बारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३० चौरस फूट, अर्थात शहरातल्या एखाद्या मध्यम खोलीएवढे कापड. ते वाऱ्यावर उभे असते आणि माणूस कमरेपासून त्याला बांधलेला असतो.

वाऱ्याचा हिशेब इथे सरळ व्याजासारखा चालत नाही. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. बारा नॉट म्हणजे ताशी सुमारे बावीस किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग स्वाराला अलगद पुढे नेतो, तोच पतंग चोवीस नॉटचा झोत आला तर त्याला चौपट बळाने खेचतो. निसर्गाच्या वाऱ्यात असा झोत कधीही येतो. म्हणून पतंग किती जोराने ओढतो यापेक्षा, नको असलेली ओढ तो किती लवकर सोडून देतो, हा प्रश्न स्वाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो. क्रॉसबोविषयी झालेल्या सगळ्या चर्चेचे मूळ याच प्रश्नात होते.

त्याआधीचे पतंग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वाकलेले असत आणि म्हणून त्यांना सी-काइट म्हणत. दोऱ्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या. बार छातीकडे ओढला की मागच्या दोऱ्या ताणल्या जात, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन वाढे आणि बळ वाढे. बार पुढे लोटला की बळ उतरे. परंतु हे उतरणे अर्धवट असे. कोपऱ्यांना बांधलेला तो खोल कमानीचा आकार वाऱ्यात पूर्णपणे सपाट होऊच शकत नसे. त्यामुळे स्वार आपल्या अंदाजाने माप निवडून पाण्यात उतरे, आणि अंदाज चुकला तर हातचे फारसे काही राहत नसे. काळे ढग, अचानक वाढलेला वारा, जमिनीकडे वाहणारा झोत आणि पाण्याऐवजी किनाऱ्यावरच उभा असलेला स्वार, असा योग आला की माणूस उचलला जाऊन खडकांवर, भिंतीवर वा वाहनांवर आपटल्याच्या घटना त्या वर्षांत वारंवार घडल्या. २००२ मध्ये जर्मनीच्या फेमार्न बेटावर स्पर्धा चालू असताना पतंगाने ओढून नेल्यामुळे एका व्यावसायिक महिला खेळाडूचा मृत्यू झाला. शिकाऊ माणसाचा अपघात ‘अनुभव नव्हता’ असे म्हणून बाजूला सारता येतो. निष्णात खेळाडूच्या मृत्यूला ते उत्तर पुरत नाही.

दुसरी अडचण तेवढी जीवघेणी नसली तरी दमवणारी होती. पाण्यात पडलेला सी-काइट पुन्हा हवेत उठवणे हे कष्टाचे काम. पुढची हवेची नळी पाण्यावर पालथी बसली की स्वाराला पतंगाकडे पोहत जाऊन, दोऱ्या सैल करून, तो उताणा करून मग कडेला वळवावा लागे. वारा मंद असेल तर अर्धा तास त्यातच जाई आणि तोवर प्रवाह माणसाला कुठल्या कुठे नेऊन सोडी.

या ठिकाणी लेगेन्यू बंधूंची हकीकत सांगणे भाग आहे, कारण ती व्यापाराच्या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रुनो आणि डॉमिनिक हे दोघे भाऊ फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचे, लहानपणापासून शिडाच्या बोटी हाकणारे. हवा भरलेल्या कडेचा, पाण्यात पडला तरी तरंगणारा आणि पुन्हा उडू शकणारा पतंग त्यांनी घडवला आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळी शिडाच्या फळीचा, म्हणजे विंडसर्फिंगचा, खेळ तेजीत होता. ज्या कंपन्यांनी हा माल उचलायचा त्यांचे दुकान आधीच जोरात चालले होते. त्यांना पतंगाची गरज वाटली नाही. पुढची दहा-बारा वर्षे दोघा भावांनी स्वतःच्या हिमतीवर नमुने शिवले, तपासले आणि सुधारले. ‘विपिका’ या नावाने त्यांचे पतंग खऱ्या अर्थाने विकले जाऊ लागले ते १९९७ च्या सुमारास. त्याच्या थोडे आधी मनू बेर्तां आणि लेअर्ड हॅमिल्टन यांनी हवाईतल्या माउई बेटावर पतंगाने लाटा कापून दाखवल्या होत्या आणि जगाचे लक्ष तिकडे वळले होते. मग एकेका मोठ्या कंपनीने परवाना घेतला. पेटंटची मुदत सर्वसाधारणपणे वीस वर्षांची. १९८४ पासून मोजली तर ती २००४ मध्ये संपते. म्हणजे वीस वर्षांपैकी अर्ध्याहून अधिक काळ गिऱ्हाईक यायची वाट पाहण्यातच गेला. माल खरा असूनही बाजार तयार नसेल तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

ब्रुनो मात्र थांबले नाहीत. पहिल्या पेटंटचा काळ सरत आला त्याच सुमारास त्यांनी दुसरा आकार पुढे आणला. हा पतंग ‘सी’पेक्षा पुष्कळ सपाट होता आणि त्याची मागची कड आत वळलेली, ताणलेल्या धनुष्यासारखी होती, म्हणून त्याला बो-काइट हे नाव पडले. आकाराइतकाच महत्त्वाचा बदल दोऱ्यांच्या बांधणीत होता. संक्रांतीचा पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की पतंग नीट उडणे वा गोता खाणे हे पुष्कळसे त्याच्या कणीवर अवलंबून असते. सी-काइटला कणी नव्हतीच, दोऱ्या थेट कोपऱ्यांना. बो-काइटमध्ये पुढच्या कडेला अनेक ठिकाणी आधार देणारी कणी बांधली गेली आणि पुढच्या दोऱ्यांची ओढ पतंगाच्या कडेवर वाटली गेली. परिणाम असा झाला की बार पुढे सोडताच पतंग वाऱ्याला जवळजवळ समांतर होऊ लागला आणि बळ जवळजवळ शून्यावर येऊ लागले. क्रॉसबो हा या पद्धतीचा बाजारात आलेला पहिला पतंग.

ज्यांनी तो प्रथम उडवला त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येई. झोत आला, जुन्या सवयीने शरीर आकसले, पायाच्या टाचा पाण्यात रुतल्या; पण बार नुसता पुढे सोडला आणि अंगावर येऊ पाहणारे ते सारे बळ विरून गेले. आपण ज्या क्षणाची आजवर धास्ती घेत होतो तो क्षण इतका साधा निघावा, याचे नवल त्यांना वाटले. दुसरे नवल पाण्यातून पतंग उठवण्याचे. एका बाजूची दोरी ओढून धरली की पतंग पाण्यावर कडेला सरकत जाई, टोकावर उभा राही आणि आपण होऊन हवेत चढे. पोहत जाणे नाही, झटापट नाही. वाऱ्यावर भरवसा नसलेल्या ठिकाणी किंवा किनाऱ्यापासून दूर एकट्याने खेळणाऱ्या माणसाला याचे मोल अधिक.

आणखी एक अनुभव पिशवीशी, म्हणजे खिशाशी, संबंधित होता. सपाट आकारामुळे तेवढ्याच कापडाचा अधिक भाग वाऱ्याला सामोरा जाई, म्हणून स्वार पूर्वीपेक्षा एक-दोन मापे लहान पतंग वापरू लागले. आणि बळ उतरवता येत असल्यामुळे एकच पतंग वाऱ्याच्या पुष्कळ मोठ्या पट्ट्यात चालू लागला. ज्या कामाला पूर्वी तीन-चार पतंग लागत ते दोनांत भागू लागले. नवा पतंग आणि बार मिळून दुचाकीच्या किमतीच्या घरात जाणाऱ्या या खेळात ही बचत लहान नव्हे.

तक्रारीही तितक्याच ठाम होत्या. बार जड लागतो, ही पहिली. मागच्या दोऱ्यांवर अधिक भार येत असल्यामुळे तासाभरात दंड भरून येत. वळण मंद, ही दुसरी. सी-काइट हाताच्या इशाऱ्यासरशी फिरे. हा मात्र एखाद्या भारदस्त माणसासारखा विचार करून वळे. बारचा पल्ला लांब, त्यामुळे आखूड हाताच्या स्वारांना तो पुरता पुढे सोडून पुन्हा गाठणे अवघड जाई. कणीतल्या लहान कप्प्यांमध्ये वाळू आणि मीठ जाऊन त्या अडकत, दोऱ्या झिजत. पतंग पाण्यावर लोळला तर कणी टोकाला गुरफटे. आणि बार जास्तच ओढून धरला तर पतंगाला पुढून वाराच मिळेनासा होई, तो थांबे आणि मागे कोसळे.

यांतली शेवटची तक्रार थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. घाबरलेला माणूस हाताशी जे असेल ते घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. काइटसर्फिंगमध्ये नेमके हेच करायचे नसते, कारण बार ओढणे म्हणजे बळ वाढवणे. बळ उतरवण्याची सोय पतंगात कितीही असो, ती वापरण्यासाठी भीतीच्या क्षणी मूठ सैल करावी लागते. प्रशिक्षक नवशिक्यांना पहिल्या दिवसापासून ‘सोडा’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा सांगतात, ते यासाठी. नव्या पतंगाने सोडण्याचे फळ मोठे केले. सोडणे मात्र माणसाच्याच हाती राहिले.

सर्वांत कडवा विरोध आला तो कसरतपटूंकडून. काही स्वार हार्नेसचा आकडा सोडून, केवळ हातांच्या बळावर बार धरून उड्या घेतात. हवेत बार एका हातातून दुसऱ्या हातात पाठीमागून देतात. त्यांना उडीच्या टोकाशी दोऱ्या क्षणभर सैल पडलेल्या हव्या असतात आणि पतंगाची ओढ ठरलेली, न बदलणारी हवी असते. सी-काइट ते देई. बो-काइट सतत ओढत राही. त्यामुळे या मंडळींनी नवा पतंग साफ नाकारला, आणि त्यांच्यासाठी सी आकाराचे पतंग पुढेही बनत राहिले. त्यांचा नकार हेकेखोरपणाचा नव्हता. त्यांचे काम वेगळे होते, म्हणून त्यांचे माप वेगळे होते.

पतंगाविषयीचा कोणताही अभिप्राय ऐकताना तो देणाऱ्याचे वजन, त्याचा किनारा आणि त्याचे काम विचारावे लागते. माउईवर व्यापारी वारे दिवसचे दिवस एकसारखे वाहतात; तिथल्या माणसाला पतंगाने झोत झेलला की नाही याची तेवढी फिकीर नसते. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा येथे सामुद्रधुनीतून घुसणारा ‘लेवांते’ वारा सारखा कमीजास्त होतो; तिथे बळ तत्काळ उतरवणारा पतंग म्हणजे जिवाचा सोबती. केपटाउनला उन्हाळ्यातला आग्नेय वारा, ज्याला स्थानिक लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात, लहान आणि चपळ पतंग मागतो. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा सौम्य असतो. तिथे मोठे माप आणि मंद वाऱ्यातही पाण्यातून सहज उठणारा पतंग लागतो. तमिळनाडूत रामेश्वरमच्या उथळ, शांत पाण्यावर वर्षातून दोन मोसम वारा मिळतो आणि तिथे शिकणाऱ्यांची संख्या अधिक. एका ठिकाणचा गुण दुसरीकडे अवगुण ठरतो. ऐंशी किलोच्या माणसाने ‘हलका चालतो’ म्हणून नाकारलेला पतंग पंचावन्न किलोच्या मुलीला अगदी योग्य वाटू शकतो. एकाच ठाणातले कापड निरनिराळ्या गिऱ्हाइकांना निरनिराळे वाटते, हे कापडाच्या पेढीवर बसलेल्यांना वेगळे सांगायला नको.

नव्या पतंगाबरोबर एक नवा धोकाही आला आणि तो जाणत्या स्वारांनी लवकरच ओळखला. बळ उतरवता येते म्हटल्यावर लोक पूर्वी जे धाडस करत नसत ते करू लागले. ज्या वाऱ्यात किनाऱ्यावर बसून राहायचे त्या वाऱ्यात मोठा पतंग घेऊन उतरू लागले. पतंगाची सोय कणी, दोऱ्या आणि कप्प्या शाबूत असेपर्यंतच खरी; पुढची एखादी दोरी तुटली किंवा चुकीच्या जागी बांधली गेली तर तोच पतंग गरगरा फिरू लागतो आणि बार पुढे सोडूनही थांबत नाही. तेव्हा उरतो तो आकड्याजवळचा सुटका-खटका, जो दाबताच पतंग स्वारापासून सुटतो आणि एकाच दोरीवर फडफडत निर्जीव होतो. या खटक्यांवर नंतर पुष्कळ काम झाले. २०२० मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने काइटबोर्डिंगच्या सुटका-यंत्रणेसाठी २१८५३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले आणि खटका कसा तपासावा हे ठरून गेले.

दुसरा धोका जुन्या बाजारात होता. नव्या आकाराची मागणी वाढली तसे जुन्या सी-काइटचे भाव उतरले. स्वस्त झालेला हा माल घ्यायला कोण येणार? ज्याला खेळ शिकायचा आहे पण खर्च झेपत नाही, तो नवशिका. ज्या पतंगाला हाताळायला सर्वांत जास्त अनुभव लागतो तो सर्वांत कमी अनुभवी माणसाच्या हाती जाऊ लागला. शिकाऊ माणसाने असा जुना सी-काइट केवळ स्वस्त आहे म्हणून घेऊ नये, हा सल्ला आजही प्रशिक्षक देतात. गिऱ्हाइकाने मागितले तरी असा पतंग नवशिक्याला न विकणारा दुकानदार एका विक्रीला मुकतो. पण या धंद्यात त्याच्याच दुकानी माणूस पुन्हा येण्याची शक्यता अधिक.

स्वारांच्या तक्रारी वाया गेल्या नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपन्यांनी सी आणि बो यांच्या मधले आकार काढले. कण्या आखूड झाल्या, कप्प्या कमी झाल्या आणि पुष्कळ पतंगांतून गेल्याही. मागची कड थोडी सरळ झाली, टोके रुंद झाली, बार हलका झाला आणि वळण पुन्हा चपळ झाले. बळ उतरवण्याचा गुण मात्र कोणी सोडला नाही. काहींनी लेगेन्यूंकडून परवाना घेतला, तर काहींनी थोड्या फरकाने आपले स्वतंत्र आकार काढले. आज मोरजीच्या वाळूवर पंपाने हवा भरताना दिसणारे बहुतेक पतंग याच मधल्या घराण्यातले आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी मार्सेच्या समुद्रात झालेल्या शर्यतींत मात्र हवेच्या नळीचे पतंग नव्हते. तिथे पॅराशूटसारखे, कापडाच्या कप्प्यांत वाऱ्याने फुगणारे पतंग होते, कारण शर्यतीला वेग हवा असतो आणि पाण्यातून उठण्याची सोय दुय्यम ठरते.

अलीकडे चर्चा आहे ती वजनाची. पुढच्या नळीसाठी वर्षानुवर्षे डेक्रॉन हे पॉलिएस्टरचे कापड वापरले जाई. आता त्याहून हलकी आणि ताठ कापडे आली आहेत. त्यांचे पतंग मंद वाऱ्यातही हवेत टिकून राहतात असे स्वार सांगतात, आणि लगेच किमतीबद्दल कुरकुरतात. असा नवा पतंग हाती आला की अनुभवी स्वार पहिल्यांदा वेग वा उडी पाहत नाही. सोबत्याकडून पतंग हवेत सोडवून घेतो, पाण्याच्या कडेला उभा राहतो, बार हळूच पुढे लोटतो आणि हार्नेसवर किती ओढ उरली आहे ते पाहतो. मग एकदा हात लावून सुटका-खटका जागेवर असल्याची खात्री करतो आणि फळी उचलतो.